साथ आणि स्वतंत्र वादन : गोविंदराव टेंबे यांच्या पेटीवादक कारकिर्दीचा पुनर्विचार

सारांश

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांची ओळख मराठी वाचकाला प्रामुख्याने 'मानापमान' नाटकाचे संगीतकार, नट आणि लेखक म्हणून आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या मूळ कलेचा, म्हणजे हार्मोनियमवादनाचा, स्वतंत्र विचार केला आहे. पाश्चात्त्य संगीतातील पिआनोवादकाच्या कारकिर्दीशी तुलना करून पुढील मुद्दा मांडला आहे : 'हरहुन्नरी' या गौरवाच्या विशेषणाखाली टेंब्यांमधील वादक झाकला गेला आणि त्याला केवळ व्यक्तीचा स्वभाव नव्हे, तर आपल्या मैफलीची रचना व वाद्याविषयीचे मूल्यनिर्णयही कारणीभूत आहेत.

बीजशब्द : हार्मोनियम, साथसंगत, स्वतंत्र वादन, नाट्यसंगीत, श्रुती, नभोवाणी, आत्मकथन.

प्रस्तावना

युरोपीय संगीताच्या इतिहासात पिआनोवादकाचे चरित्र हा एक प्रस्थापित वाङ्मयप्रकार आहे. बालवयातील शिक्षण, गुरूची भेट, पहिली जाहीर मैफल, देशोदेशीचे दौरे, ध्वनिमुद्रणे आणि उतारवयातील अध्यापन असा त्याचा ठराविक क्रम असतो. या सर्व टप्प्यांत वाद्य आणि वादक यांची फारकत होत नाही. वादकाने आयुष्यात आणखी काय केले, हे त्याच्या वादनाच्या संदर्भात सांगितले जाते.

मराठी प्रदेशात पिआनो रुजला नाही असे नाही. मुंबईतील पारशी व ख्रिस्ती कुटुंबांत आणि गोव्यात त्याची परंपरा आहे. तथापि मराठी समाजाच्या मोठ्या भागापर्यंत पट्ट्यांचे जे वाद्य पोहोचले ते हार्मोनियम, म्हणजेच आपली पेटी. नाटक कंपनीत, कीर्तनात, भजनी मंडळात आणि शाळेच्या प्रार्थनेतही ती आहे. विसरवाडीसारख्या नवापूर तालुक्यातील गावी तर भजनाला जी पेटी असते, तीच ख्रिस्ती बांधवांच्या उपासनेतही असते. ज्यांनी शास्त्रीय मैफल कधी ऐकलेली नाही अशा विद्यार्थ्यांनाही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळख असते. वाद्य इतके सर्वपरिचित असूनही त्या वाद्याचा 'कलावंत' म्हणून एखादे नाव त्यांना सांगता येत नाही. हे अज्ञान केवळ विद्यार्थ्यांचे नाही. खाडिलकरांचे नाटक वर्गात शिकवताना आपण अध्यापकही पदांचा अर्थ विस्ताराने सांगतो आणि चाली टेंब्यांच्या, एवढे एका वाक्यात सांगून पुढे जातो. या वाक्यातील टेंबे कोण, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) टेंबे यांच्या कारकिर्दीत वादनाचे स्थान निश्चित करणे.
२) पिआनोवादक आणि पेटीवादक यांच्या मैफलीतील स्थानाची तुलना करणे.
३) हार्मोनियमवरील आक्षेपांची कलादृष्ट्या तपासणी करणे.
४) टेंबे यांच्या आत्मपर लेखनाकडे साथीदाराचे लेखन म्हणून पाहणे.

१. मैफलीच्या मध्यभागी कोण?

एकट्या वादकाने संपूर्ण कार्यक्रम सादर करावा ही कल्पना युरोपातही फार जुनी नाही. फ्रान्झ लिस्ट (१८११–१८८६) याने १८४० मध्ये लंडनमध्ये 'रिसायटल' या नावाने असा कार्यक्रम केला, तेव्हा तो शब्दही श्रोत्यांना नवा होता. त्यापूर्वीच्या कार्यक्रमात गायक, वाद्यवृंद आणि पिआनोवादक अशी सरमिसळ असे. लिस्टने वाद्य मंचाच्या मध्यभागी आणले आणि वादकाला कार्यक्रमाचा नायक केले. पुढील शंभर वर्षांत त्याभोवती सभागृहे, संगीतशाळा, दौऱ्यांची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक, छापील स्वरलिपी आणि वृत्तपत्रीय समीक्षा अशी एक संपूर्ण व्यवस्था उभी राहिली. पिआनोवादकाची 'कारकीर्द' म्हणजे या व्यवस्थेतून झालेला प्रवास होय.

आपल्या मैफलीची रचना निराळी आहे. तिच्या मध्यभागी गायक असतो. तंबोरे मागे, तबला एका बाजूस आणि पेटी वा सारंगी दुसऱ्या बाजूस. बैठकीची ही मांडणी केवळ सोयीची नाही. तीत एक मूल्यव्यवस्था आहे. गायन श्रेष्ठ आणि वाद्य त्याचे अनुकरण करणारे, ही धारणा आपल्याकडे दृढ आहे. सतार, सरोद, बासरी यांनी स्वतःची स्वतंत्र मैफल मिळवली. पेटीच्या वाट्याला प्रामुख्याने साथच आली. तबल्याच्या स्वतंत्र वादनात किंवा कथक नृत्यातही तिने लेहरा धरायचा, म्हणजे एकच आवर्तन तासभर न चुकता वाजवत राहायचे. इतरांना स्वातंत्र्य घेता यावे म्हणून स्वतःचे स्वातंत्र्य बाजूला ठेवायचे, हे तिचे नेमून दिलेले काम ठरले.

या पार्श्वभूमीवर टेंबे यांच्याकडे पाहिले पाहिजे. पेटीला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. परंतु ज्या मंचावर हा मान टिकून राहावा तो मंचच त्यांच्या काळात तयार नव्हता. लिस्टला सभागृह मिळाले, टेंब्यांना गायकाच्या शेजारची जागा मिळाली.

२. जडणघडण : ऐकण्यातून घडलेला वादक

टेंबे यांचा जन्म १८८१ मध्ये कोल्हापूरनजीकच्या सांगवडे येथे झाला. त्यांच्या तरुणपणीचे कोल्हापूर ही संगीताच्या दृष्टीने असाधारण जागा होती. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) तेथे दरबार गायक म्हणून स्थिरावले होते आणि पुढे जयपूर-अत्रौली या नावाने ओळखली गेलेली गायकी त्या परिसरात रुजत होती. दुसरीकडे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे बहुआयामी गायन टेंब्यांना जवळून ऐकावयास मिळाले. भास्करबुवांना ते गुरुस्थानी मानीत.

येथे पिआनोवादकाच्या शिक्षणाशी एक मूलभूत भेद लक्षात येतो. पिआनोचा विद्यार्थी पिआनोवादकाकडे शिकतो. त्याच्यासमोर त्याच वाद्यासाठी लिहिलेल्या रचनांचा प्रचंड साठा असतो. टेंब्यांच्या समोर पेटीसाठी रचलेले काहीच नव्हते आणि पेटीचे असे घराणेही नव्हते. त्यांचे आदर्श गायक होते. जे कंठातून ऐकले ते बोटांत उतरवायचे, असा हा अभ्यास होता. त्यामुळे त्यांच्या वादनाची घडण मूलतः श्रवणातून झाली. साथीला बसणे हेच त्यांचे विद्यालय होते.

साथ ही दुय्यम कला आहे, या समजाची फेरतपासणी करणे येथे आवश्यक वाटते. अल्लादियाखाँसाहेबांची गायकी अनवट राग, वक्र चलन आणि लयीशी अतूट बांधलेली आलापी यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गायकाच्या साथीत पुढचा स्वर कोणता येणार याचा अंदाज क्षणभर आधी बांधावा लागतो आणि अंदाज चुकला तर तो चुकल्याचे श्रोत्याला कळू न देता सावरावे लागते. गायक थांबला की स्वराचा धागा तुटू द्यायचा नाही, गायक बोलू लागला की त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. पिआनोवादकाच्या हाती निश्चित झालेली रचना असते. साथीदाराच्या हाती, त्याच क्षणी दुसऱ्याच्या मनात घडत असलेली रचना असते. दोन्ही कौशल्ये भिन्न आहेत आणि दुसरे पहिल्याहून सोपे आहे असे म्हणता येत नाही.

३. वाद्याची मर्यादा आणि अशक्याचा आभास

हार्मोनियमवरील आक्षेप सुपरिचित आहेत. त्यांपैकी दोन महत्त्वाचे आहेत. पहिला श्रुतींचा. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो, पेटीतला गंधार त्याहून अर्ध्या स्वराच्या सुमारे एक-सप्तमांशाने चढा असतो. तयार कानाला हा फरक जाणवतो. दुसरा आक्षेप मींडेचा. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे हा हिंदुस्थानी संगीताचा प्राण आहे आणि पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार पेटीवर मुळातून वाजवता येत नाही.

हे आक्षेप खरे आहेत आणि पेटीच्या प्रेमापोटी ते झटकून टाकणे समीक्षेला शोभणारे नाही. परंतु त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र तपासून घ्यावा लागतो. पिआनोही बारा समान भागांतच जुळवतात. शिवाय पिआनोची एक मर्यादा पेटीला नाही : पिआनोचा स्वर हातोडीचा आघात होताच विरू लागतो, त्याला गाण्यासारखा धरून ठेवता येत नाही. असे असूनही शोपँच्या रचना वाजवताना पिआनो 'गातो' असे म्हटले जाते. एक स्वर विरण्यापूर्वी दुसरा कोणत्या वजनाने उचलायचा, या बोटांच्या विवेकातून तो आभास निर्माण होतो. पिआनोवादनाची कीर्ती ज्या गुणावर उभी आहे तो गुण वाद्यात नसलेली गोष्ट वाद्यातून ऐकवण्याचा आहे.

हाच न्याय पेटीला लावला पाहिजे. पेटीवर मींड नाही, पण कणस्वराचा निसटता स्पर्श आहे, दोन पट्ट्यांवरील बोटांची क्षणिक सरमिसळ आहे आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे भाता आहे. पिआनोवादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर असतात. हातपेटी वाजवणाऱ्याचा एक हात स्वर काढतो आणि दुसरा श्वास पुरवतो. पट्टी जोराने दाबली म्हणून स्वर मोठा होत नाही. स्वराचे फुगणे-ओसरणे भात्याच्या हातावर अवलंबून असते. हवेचा दाब कमी करून स्वर विझत नेणे आणि त्याच क्षणी शेजारची पट्टी हलकेच उघडणे, यातून कानाला घसरणीचा भास होतो. या अर्थाने पेटी हे यंत्र असूनही तिचे तत्त्व फुंकीच्या वाद्याचे, पर्यायाने कंठाचे आहे. टेंब्यांसारख्या वादकाची कला मर्यादेचे असे रूपांतर करण्यात आहे. वाद्याला काय येत नाही याची यादी म्हणजे वादकाची समीक्षा नव्हे.

श्रुतींच्या प्रश्नावर यांत्रिक उपाय शोधण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी सेवेतील न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत ती चर्चेला आली, परंतु सर्वमान्य झाली नाही. एकविसाव्या शतकात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून हा विचार पुढे नेला. या प्रयत्नांचे शास्त्रीय मोल निर्विवाद आहे. तरीही एक प्रश्न उरतो. बारांऐवजी बावीस स्थाने मिळाली तरी ती स्थानेच राहतात. राग स्थानांत असतो तितकाच स्थानांमधल्या वाटेत असतो. ती वाट अखेर वादकाच्या हातालाच काढावी लागते.

४. 'मानापमान' : पेटीवादकाच्या कानाने केलेली रचना

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली टेंबे यांच्या होत्या. १८८० च्या 'शाकुंतल'पासून मराठी संगीत नाटकात साकी, दिंडी, कीर्तनी व कर्नाटकी वळणाच्या चाली रूढ होत्या. टेंब्यांनी पूरब ढंगाच्या ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांचे वळण मराठी पदाला दिले आणि नाट्यगीताची चव पालटली. या बदलाचे महत्त्व नाट्यसंगीताच्या अभ्यासकांनी वेळोवेळी सांगितले आहे.

मात्र हा बदल एका पेटीवादकाने केला, याचा अर्थ काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. माझ्या मते त्यात तथ्य आहे. चाल बांधणारा गायक असेल तर तो आपल्या गळ्याला अनुकूल अशी चाल बांधतो. साथीदार अनेक गळ्यांच्या शेजारी बसलेला असतो. कोणत्या जागी गायकाला श्वास घ्यावा लागतो, कोठे शब्द सोडून स्वर धरावासा वाटतो, कोणत्या जागेवरून तान सहज सुटते, याचा अनुभव त्याच्या हाताला असतो. 'मानापमाना'तील चाली एका वेळी नटाला गाता येण्याजोग्या आणि तयार गायकाला विस्तार करता येण्याजोग्या आहेत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन अत्यंत भिन्न प्रकृतीचे गायक नट एकाच नाटकात उभे राहिले आणि त्या चालींनी दोघांनाही वाव दिला. चालीतील हे औदार्य साथीदाराच्या स्वभावातून आलेले आहे, असे अनुमान काढणे अवास्तव ठरू नये.

१९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह टेंबे 'गंधर्व नाटक मंडळी'च्या स्थापनेत सहभागी झाले. पुढे काही वर्षांतच त्यांनी ती संस्था सोडून 'शिवराज नाटक मंडळी' काढली. ती फार काळ टिकली नाही. त्यानंतर बोलपटांचे युग आले आणि 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या चित्रपटात त्यांनी दुर्गा खोटे यांच्यासमवेत हरिश्चंद्राची भूमिका केली. संगीतही त्यांचेच होते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. पोलंडचा पिआनोवादक इग्नाट्स पाडेरेव्स्की (१८६०–१९४१) हा टेंब्यांचा ज्येष्ठ समकालीन. तो १९१९ मध्ये आपल्या देशाचा पंतप्रधान झाला आणि व्हर्सायच्या तहावर त्याने स्वाक्षरी केली. १९३७ मध्ये त्याने 'मूनलाइट सोनाटा' या चित्रपटात काम केले. पंतप्रधानपद भूषवूनही इतिहासात त्याचा पहिला उल्लेख पिआनोवादक असाच होतो आणि चित्रपटातही तो पिआनोवर बसलेला पाडेरेव्स्की म्हणूनच दिसतो. टेंबे पडद्यावर आले ते राजा होऊन. वादक म्हणून पडद्यावर येण्याची कल्पनाही त्या काळी कोणाला सुचली नसती. एकाच्या बाबतीत इतर सर्व कर्तृत्व वादनाच्या तेजात उजळले, दुसऱ्याच्या बाबतीत इतर कर्तृत्वाने वादन झाकले गेले. दोघांच्या प्रतिभेतील तफावतीने हा फरक समजावून सांगता येत नाही. त्यांच्या वाद्यांना समाजाने दिलेल्या स्थानांत त्याचे उत्तर शोधावे लागते.

५. नभोवाणीवरील बंदी

हे स्थान सर्वांत स्पष्टपणे दिसले ते १ मार्च १९४० रोजी. त्या दिवसापासून आकाशवाणीने हार्मोनियमच्या वापरावर बंदी घातली. त्या वेळी नभोवाणीची सूत्रे लायोनेल फील्डन यांच्याकडे होती. तत्पूर्वी १९३८ मध्ये दिल्ली केंद्रावरील पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फोल्ड्स यांनी या वाद्यावर कठोर टीका करणारा लेख लिहिला होता. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री असतानाही ही बंदी कायम राहिली. १९७० मध्ये संगीत नाटक अकादमीने या विषयावर परिसंवाद घेतला आणि १९७१ मध्ये मर्यादित स्वरूपात साथीसाठी पेटीला परवानगी मिळाली.

या घटनाक्रमातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. हार्मोनियम परकीय म्हणून नाकारली गेली, परंतु नाकारण्यात पुढाकार इंग्रज अधिकाऱ्यांचाही होता. व्हायोलिनही परकीयच होते. त्यावर मींड निघते म्हणून ते स्वीकारले गेले, हे उत्तर योग्यच आहे. पण मग प्रश्न परकीयतेचा राहत नाही, वाद्याच्या क्षमतेचा होतो. क्षमतेचा प्रश्न असेल तर तो वादकागणिक ठरवायला हवा. बंदीने मात्र टेंबे आणि नवशिका यांना एकाच ओळीत बसवले.

याहून मोठी विसंगती व्यवहारात होती. मराठी गायक आपला स्वर आजही 'काळी एक', 'पांढरी चार', 'काळी पाच' असा पेटीच्या पट्टीने सांगतात. ज्यांना पेटीची साथ नको असते तेही तंबोरा कोणत्या पट्टीत लावायचा ते पेटीच्याच भाषेत सांगतात. ज्या वाद्याला नभोवाणीने उंबरठ्याबाहेर ठेवले, त्याचेच माप घराघरांत प्रमाण झाले होते.

टेंबे यांचे निधन ९ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले. म्हणजे आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे, जेव्हा कलावंताची कला परिपक्व होऊन तिचे जतन होण्याची वेळ असते, त्या संपूर्ण काळात त्यांचे वाद्य देशातील सर्वांत प्रभावी माध्यमाला वर्ज्य होते. पिआनोवादकाच्या उत्तरायुष्यात नभोवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांनी त्याची कीर्ती पुढच्या पिढीकडे पोहोचवली. टेंब्यांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या लेखणीला, चालींना व नाट्यरचनांना वाव होता, पेटीला नव्हता. 'हरहुन्नरीपणा' हा केवळ स्वभावविशेष होता की काही अंशी तो बंद दारासमोर शोधलेला दुसरा मार्ग होता, हा प्रश्न चरित्रकाराने टाळता कामा नये.

६. 'व्यासंग' : साथीदाराचे आत्मकथन

'माझा संगीत व्यासंग' (१९३९) हे टेंब्यांचे पुस्तक मराठी संगीतविषयक गद्यात मानाचे स्थान मिळवून आहे. त्याचे शीर्षकच बोलके आहे. त्यात 'वादन' नाही, 'कारकीर्द' नाही, 'व्यासंग' आहे. आत्मचरित्रात 'मी' केंद्रस्थानी असतो. येथे मात्र लेखकाचे लक्ष आपण काय वाजवले यापेक्षा आपण काय ऐकले याकडे आहे. ज्या गायक-वादकांचा सहवास लाभला त्यांची चित्रे रेखाटताना लेखक स्वतः बाजूला सरतो. पुढे १९५४ मध्ये त्यांनी अल्लादियाखाँ यांचे चरित्र लिहिले, तेही याच वृत्तीचा विस्तार होय. आयुष्यभर ज्यांच्या शेजारी बसून साथ केली, त्यांचीच अखेर शब्दांनी साथ केली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे एक वेगळा लेखनप्रकार दिसतो. साथीदाराचा 'मी' कथनात तसाच वागतो जसा तो मैफलीत वागतो. दुसऱ्याची ओळ पुरी होऊ द्यायची, मग आपला एखादा स्वर मिळवायचा. या संयमामुळे त्यांच्या व्यक्तिचित्रांना विश्वासार्हता आली. त्याच संयमाची किंमतही मोजावी लागली. आपल्या कलेची मीमांसा, तिचे तंत्र, तिच्यातील अडचणी यांचा सलग विस्तार करून त्यांनी पेटीवादनाचे शास्त्र मागे ठेवले असते तर पुढच्या वादकांना एक आधारग्रंथ मिळाला असता. गायकांवर लिहिलेल्या पृष्ठांच्या मानाने वाद्याला मिळालेली जागा थोडी आहे. मंचाने शिकवलेला विनय लेखणीतही उतरला, असे म्हणावे लागते.

७. एक संभाव्य आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, टेंब्यांना पेटीचा मंच मिळाला नाही हे खरे, पण त्यांनी तरी तो चिकाटीने मागितला का? नाटक कंपनी काढणे, सोडणे, पुन्हा काढणे, अभिनय, चित्रपट, 'पटवर्धन', 'तुलसीदास' यांसारखी नाटके, 'महाश्वेता'सारखी संगीतिका हा सर्व पसारा त्यांनी स्वेच्छेने मांडला. एकाच वाद्यावर आयुष्य वेचण्याची पिआनोवादकाची एकाग्रता त्यांच्या ठायी नव्हती, असे कोणी म्हणाल्यास ते पूर्णतः खोडून काढता येणार नाही.

तरीही उत्तरादाखल दोन गोष्टी सांगता येतील. एक, पिआनोवादकाची एकाग्रता हा केवळ त्याचा वैयक्तिक गुण नसतो. ती त्याला परवडते, कारण एकाच वाद्यावर उपजीविका होऊ शकेल अशी व्यवस्था त्याच्यामागे असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केवळ स्वतंत्र पेटीवादनावर प्रतिष्ठेने जगणे महाराष्ट्रात शक्य नव्हते. नाटक कंपनी ही त्या काळी संगीतकाराची एक मोठी आश्रयदाती होती. दोन, हा पसारा परस्परांशी असंबद्ध नाही. चाली, संगीतिका, व्यक्तिचित्रे या सर्वांत ऐकण्याची एकच शिस्त वाहते. ती पेटीवर कमावलेली आहे.

८. उत्तरकाल

टेंब्यांनी रुंद केलेली वाट पुढे बंद पडली नाही. पी. मधुकर यांनी स्वतंत्र वादनाला लोकप्रियता मिळवून दिली. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांनी नाट्यसंगीताच्या साथीला स्वतंत्र वादनाइतकी प्रतिष्ठा आणली. बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी शिष्यांची पिढी घडवली. आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांना २००० मध्ये आणि मूळ गोव्याचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना २००५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. बोरकर २०१६ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. आज आदित्य ओक, तन्मय देवचके यांसारखे वादक पेटीचे स्वतंत्र कार्यक्रम करतात आणि त्यांना श्रोतेही लाभतात.

१९४० मध्ये दाराबाहेर ठेवलेल्या वाद्याचा हा प्रवास समाधानकारक आहे. परंतु मानसन्मान वाढले म्हणजे समीक्षा वाढली असे होत नाही. गायकाच्या मैफलीचे वृत्त छापताना साथीदाराची नावे शेवटच्या ओळीत देण्याचा प्रघात अद्याप कायम आहे. त्याने काय वाजवले याविषयी वाक्य क्वचितच असते. पेटीवादनाची परिभाषा, त्यातील शैलीभेद, भात्याच्या व बोटांच्या तंत्राची चिकित्सा यांवर मराठीत सलग समीक्षालेखन होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) टेंबे यांचे संगीतरचनाकार, नट व लेखक म्हणून असलेले कर्तृत्व त्यांच्या पेटीवादनापासून वेगळे काढता येत नाही. साथीदाराचे श्रवण हे त्या सर्वांचे समान अधिष्ठान आहे.
२) पिआनोवादकाप्रमाणे सलग वादक-कारकीर्द टेंब्यांच्या वाट्याला न येण्यामागे त्यांच्या स्वभावाबरोबरच गायनकेंद्रित मैफल, आश्रयाचे स्वरूप आणि नभोवाणीवरील बंदी ही कारणे आहेत.
३) हार्मोनियमवरील श्रुती व मींडविषयक आक्षेप वस्तुनिष्ठ आहेत. तथापि वाद्याची मर्यादा आणि वादकाची कला यांचा निवाडा स्वतंत्रपणे केला पाहिजे.
४) 'माझा संगीत व्यासंग' हे साथीदाराचे आत्मकथन म्हणून वाचल्यास त्याचे बळ आणि त्यातील मौन, दोन्ही अधिक स्पष्ट होतात.
५) नाट्यवाङ्मयाच्या अध्यापनात पदांच्या शब्दार्थाबरोबर चालीची आणि ती बांधणाऱ्याची चर्चा समाविष्ट होणे इष्ट आहे.

शेवटच्या मुद्द्याविषयी थोडे अधिक. ग्रामीण व आदिवासी भागातील आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण गावच्या भजनात किंवा उपासनेत पेटीवर बसतात. त्यांचे हे ज्ञान वर्गाच्या दाराशी थांबते, कारण आपल्या लेखी ते ज्ञान नसते. 'मानापमान' शिकवताना त्यांच्यापैकी एकाला पेटी घेऊन वर्गात बसवले, तर टेंबे हे नाव परीक्षेच्या उत्तरापुरते राहणार नाही. विद्यार्थ्याच्या बोटांना जे आधीपासून ठाऊक आहे, त्याला एक पूर्वज मिळेल. समीक्षेने एवढे साधले तरी पुष्कळ झाले.